डोळस साहेबांचा दहावा

सत्त्याण्णव साली बेअरिंग विकत फिरणाऱ्या अरविंद घुगरेला नाशिकचं एकही लॉज परवडेना, म्हणून त्यानं पंचवटीतली धर्मशाळा गाठली. खिडकीतले कारकून म्हणाले, "क्रियाकर्माला आलेल्यांनाच खोली मिळते. तुमचं कोण गेलं?"

दिवसभर ज्याला शिव्या घालत आला होता, त्याचंच नाव अरविंदच्या तोंडात आलं. "मामा. रघुनाथ डोळस. मूलबाळ नव्हतं हो त्यांना. उद्या दहावा."

डोळस म्हणजे त्याचे साहेब. पुण्याहून रोज एसटीडी लावून टार्गेट विचारणारे, आणि चांगले ठणठणीत.

खोली मिळाली, झोपही झकास लागली. पण सकाळी सहाला दार वाजलं. कारकून स्वतःहून गुरुजी आणि न्हावी घेऊन हजर! आता खरं बोलायची सोय नव्हती. अर्ध्या तासात अरविंदचा चकचकीत गोटा झाला आणि तो ओलेत्यानं गोदाकाठी पिंड मांडून बसला.

कावळा काही शिवेना. झाडावरून नुसता बघत राहिला.

"गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिलीय," गुरुजी वैतागले. "पूर्ण करतो म्हणा, म्हणजे आपण सगळेच सुटू."

अरविंदनं हात जोडले. "साहेब... म्हणजे मामा, या महिन्याचं टार्गेट पूर्ण करतो."

कावळा झपकन खाली आला आणि पिंडाला शिवला.

टकलावर टोपी चढवून अरविंदनं तडक सातपूरच्या कारखान्यांकडची बस धरली. जिवंत साहेबांना तो तीन वर्षं थापा मारत आला होता, पण मेलेल्या साहेबांना दिलेला शब्द मोडायची त्याची छाती नव्हती.