रिकाम्या खुर्च्यांवरची 'हाउसफुल्ल'

मित्रांनो, माझी ओळख करून घ्यायला कधी कुणी थांबलं नाही. लोक लांबूनच मला वाचायचे आणि तोंड वाकडं करून मागे फिरायचे. मी थिएटरच्या तिकीटखिडकीवर लागणारी एक जुनी, पत्र्याची पाटी आहे. लाल अंगावर पांढऱ्या अक्षरांत 'हाउसफुल्ल'. पेंटरने मला रंगवलं तेव्हा शेवटचं अक्षर दाटीवाटीने बसलं. मालकीणबाई म्हणाल्या, असू दे, गर्दीच दाखवायची आहे ना.

पुढे मी खूप मिरवले. पण कोणत्या सिनेमाला मला बोलावणं येईल, हे मला कधीच कळलं नाही. मोठा नट, गावभर पोस्टरं, आणि पहिल्याच दुपारी आत माश्या. उलट ज्याचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं, अशा एका सिनेमाने मला महिनाभर खिळ्यावरून उतरू दिलं नाही. सिनेमा पडला की कारणं मात्र सगळ्यांना ठाऊक. गाणी लांबली, परीक्षा आल्या, नायिका रोड. तशीच लांबलेली गाणी चाललेल्या सिनेमात असली, की तीच मंडळी म्हणायची, गाण्यांनी तारलं. मी पडले पत्रा. कुणावर विश्वास ठेवू?

मग वाईट दिवस आले. एकामागून एक सिनेमे आपटले आणि मला गंज धरला. एक गोदामवाला येऊन भिंतींना मापाची फीत लावून गेला. मालकीणबाईंनी त्याला एका सिनेमापुरतं थांबवलं. हा चालला तर थिएटर राहील, नाहीतर इथे पोती रचली जातील.

सिनेमा होता एका बहिऱ्या शिंप्याचा. नट सगळे अनोळखी. शुक्रवारी संध्याकाळी आत मोजकी माणसं. तेव्हा मालकीणबाईंच्या लेकाला युक्ती सुचली. मिळत नाही म्हटलं की माणसाला तेच हवं असतं, असं म्हणत त्याने मला फडक्याने पुसलं आणि खुशाल टांगलं. मागून आलेली माणसं मला वाचून खरंच परत गेली. दोन कुटुंबं तर नटूनथटून, पोराबाळांसकट. माझा जीव कासावीस झाला.

मालकीणबाई आतून आल्या. आधी माझ्याकडे पाहिलं, मग लेकाकडे.

"घराला कुलूप लावून पाहुण्यांची वाट बघतोस का रे?"

"आई, उद्या बघ तू. दुपटीने येतील."

"आज दारात आलेले हाकललेस. उद्याचे काय सासुरवाडीहून आणणार आहेस?"

"माझ्या माहेरी एवढी माणसं नाहीत हो," खिडकीत बसलेली सून पुटपुटली.

मालकीणबाईंनी मला उतरवलं.

आणि मित्रांनो, दुसऱ्या दिवशी खरोखर दुपटीने आले. लेक म्हणाला, पाटीने आणले. मालकीणबाई म्हणाल्या, काल जे थोडके आत होते ते डोळे पुसत बाहेर पडले, त्यांनीच शेजारीपाजारी सांगितलं. सुनेचं म्हणणं, उकाडा वाढलाय आणि आपले पंखे चालू आहेत. मला तिघांचंही पटलं. रात्री पुन्हा विचार केला तर एकाचंही पटेना.

रविवारी थिएटर काठोकाठ भरलं. मला टांगलं, या वेळी खरंखुरं. पण रांग हलेना. एक गृहस्थ खिडकीशी वाकून म्हणाले, "परवाही हीच पाटी होती. माझी मेहुणी आत पाय पसरून बसली होती." सगळी रांग हसली. एवढ्या वर्षांत माझ्या तोंडावर कुणी हसलं नव्हतं.

मालकीणबाई भांडल्या नाहीत. त्यांनी आतलं दार उघडलं, पडदा सारला आणि एकेकाला डोकावू दिलं. पायऱ्यांवरसुद्धा माणसं बसलेली पाहून लोक पुढच्या खेळाची तिकिटं घेऊन गेले. सिनेमा चालला. गोदामवाल्याला नकार गेला.

तेव्हापासून मला कुणी लावत नाही. थिएटर भरलं की दारच उघडून दाखवतात. मी जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. थिएटर वाचलं याचा मला आनंद आहे. ते माझ्या खोट्यामुळे वाचलं की खोटं बोलूनही वाचलं, हे काही केल्या उमगत नाही. विचारायला जावं तर तिघं तीन सांगतील.

एवढं मात्र बजावते. मला रंग द्या नाहीतर नका देऊ, या वयात मला नटायची हौस नाही. पण माझ्यासारखीला एकच शब्द येतो. तो तिच्याकडून खोटा वदवून घेऊ नका. एकदा वदवलात, की पुढे ती कितीही खरं बोलली तरी तुम्हाला दार उघडूनच दाखवावं लागतं.