गुरुवारची खिडकी

मित्रांनो, मी एक जुना ट्रे आहे, औषधाच्या गोळ्या मोजायचा. ॲल्युमिनियमचा, वीतभर लांब, एका कडेला पन्हळ. पाहून कुणी ओळखत नाही, म्हणून आधीच सांगितलं. ट्रेने आपली गोष्ट सांगावी की नाही, हे मला नीटसं ठाऊक नाही. सांगण्यासारखी एकच गोष्ट आहे, आणि तीही माझ्यापेक्षा नीलकंठरावांची जास्त.

भायखळ्याच्या एका कारखान्यात पत्रा कापून मला घडवलं. नीलकंठराव फार्मासिस्ट. १९८६ साली नोकरी लागून ते आफ्रिकेत, दक्षिण झांबियातल्या एका लहानशा इस्पितळात गेले, तेव्हा मी त्यांच्या ट्रंकेत दोन स्वेटरांच्या मधे होतो.

काम साधं होतं. माझ्यावर गोळ्या ओतायच्या, पातळ पट्टीने पाच-पाच करून पन्हळीत ढकलायच्या, पन्हळ कागदी पुडीत रिकामी करायची. पुष्कळ रोग्यांना वाचता येत नसे, म्हणून नीलकंठराव पुडीवर चित्र काढत. सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र. रांगेतल्या बायका म्हणत, या माणसाचा सूर्य छान असतो. मलाही तेव्हा रोज पुसलं जाई. ती वर्षं चांगली गेली, असं वाटतं.

पुढे आजार वाढले आणि औषधं कमी झाली. माझ्यावर गोळ्या कमी आणि नीलकंठरावांची रिकामी बोटं जास्त पडू लागली. ते पुड्यांच्या पाठीवर कविता लिहू लागले. कोण आलं, काय मागितलं, काय नव्हतं. एवढंच असे त्यांत.

२००१ मध्ये मुतिंता नावाची बाई आली. दोन दिवस चालून. तिच्या धाकट्या बहिणीच्या घशात बुरशी वाढली होती आणि तिला पाणीही नीट गिळता येत नव्हतं. त्यावरची गोळी जगात होती. राजधानीतल्या खासगी दुकानातही होती. आमच्या कपाटात नव्हती. नीलकंठरावांना तोंडावर ‘नाही’ म्हणता येत नसे. आपल्याकडे दुकानदार, कारकून सगळेच म्हणतात तसं ते म्हणाले, “बघू, गुरुवारी ये.” आपल्याकडे ऐकणारा काय ते समजतो. मुतिंताला ती पद्धत माहीत नव्हती. तिने मान डोलावली आणि ती गेली.

२००३ मध्ये नीलकंठराव निवृत्त झाले. काही वर्षं पुण्यात काढून ते मुलाकडे, सचिनकडे, न्यूझीलंडला पामर्स्टन नॉर्थला राहायला आले. मीही आलो. पुड्या एका बिस्किटाच्या डब्यात राहिल्या. मला सुनेने, उत्तराने, कपडे धुण्याच्या खोलीत चिमटे ठेवायला घेतलं. इथे वारा फार, चिमटे फार लागतात. मला वाईट वाटलं का? आठवत नाही. प्लॅस्टिकचे चिमटे हलके असतात.

२००७ च्या हिवाळ्यात इथल्या मराठी मंडळाने कवितावाचन ठरवलं. मंडळाचे मोरेश्वर आदल्या आठवड्यात घरी आले. नऊ वर्षांची इरा, सचिनची मुलगी, मला टेबलावर ठेवून चिमट्यांचे रंग वेगळे करत होती. नीलकंठरावांनी डब्यातून एक पुडी काढली आणि पाठीवरचं वाचलं.

‘गुरुवारी ये, मी म्हणालो.
मुतिंता दोन दिवस चालून आली होती.
तिने विचारलं नाही, कोणत्या गुरुवारी.’

मोरेश्वरांनी चहाचा कप खाली ठेवला. “दमदार आहे हो काका. पण लोक बटाटेवडे खायला येणार. जरा हलकंफुलकं नाही का काही? बायको, सासूबाई?”

“हलकं नाही माझ्याकडे,” नीलकंठराव म्हणाले. “राहू द्या मग. तशीही ती कविता आहे की नाही, मला खात्री नाही.”

“असं कसं? नाव छापलंय तुमचं!”

उत्तरा ओट्यापाशी होती. “मोरेश्वर, मागच्या वर्षी तुम्ही स्वतःच्या टकलावर सव्वीस कडवी वाचलीत. आम्ही ऐकलीच ना? बाबा, तुम्ही हीच वाचा.”

“सव्वीस नव्हती, बावीस होती,” मोरेश्वर म्हणाले आणि हसले.

इरा हसली नाही. तिला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. “आजोबा, डिड शी कम? ऑन थर्सडे?”

“अगं, कविता आहे ती,” मोरेश्वर म्हणाले.

“बट डिड शी?”

नीलकंठरावांनी पुडी माझ्यावर ठेवली. पुढच्या बाजूला सूर्य आणि चंद्र होते. ती पुडी त्यांनी त्या बहिणीसाठी आधीच रंगवून ठेवली होती. सहा वर्षांत ती कविता त्या गुरुवारच्या अलीकडेच थांबत आली होती. पुढचं फक्त त्यांना आणि मला ठाऊक होतं.

“आली होती,” ते म्हणाले. “बुधवारी ट्रक आला, त्यात कापूस होता आणि खोकल्याचं औषध. गुरुवारी ती रांगेत शेवटी उभी होती. मला दिसली.”

“मग? यू टोल्ड हर?”

“नाही. मी औषधं द्यायची खिडकी लावून घेतली. आतून कडी घातली.”

“व्हाय?”

“नाही म्हणायची लाज वाटली.”

इराने हातातला चिमटा खाली ठेवला. “अँड हर सिस्टर?”

“ठाऊक नाही. पुन्हा कुणी आलं नाही.”

उत्तराने नळ बंद केला. मोरेश्वर म्हणाले, “काका, तुम्हाला वाचायचं ते वाचा.”

शनिवारी इराने चिमटे टोपलीत ओतले आणि मला आजोबांच्या पिशवीत घातलं. शाळेचा हॉल, तीसेक माणसं, कोपऱ्यात वड्यांचा वास. नीलकंठरावांनी मला टेबलावर ठेवलं, माझ्यावर पुडी. त्यांचा आवाज मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचत नव्हता. जुन्या तीन ओळी झाल्या आणि ते थांबले. इथून ते परत जागेवर जाऊन बसतील, असं मला वाटलं. पूर्वी अशा वेळी त्यांनी कडी घातली होती. मग त्यांनी पुढच्या दोन ओळी वाचल्या. त्या पुडीवर नव्हत्या.

‘ती गुरुवारी आली होती.
मी आत होतो.’

कुणी टाळी वाजवली नाही. मोरेश्वर माईकपाशी आले, त्यांनी ठरवलेला विनोद सांगितला नाही, जेवण तयार आहे एवढंच म्हणाले. त्या वाचनाने मुतिंताला काही मिळालं नाही. तिच्या बहिणीलाही नाही. हे मी लपवत नाही.

मी पुन्हा चिमट्यांपाशी आहे. मित्रांनो, मला पुसा असं मी म्हणणार नाही, माझं काही अडत नाही. औषध सगळ्यांना का पोचत नाही, हे तुम्ही मोठे होऊन शोधा, मला ते कळलेलं नाही. एवढंच मागतो. कुणी दारात आलं आणि तुमच्याजवळ द्यायला काही नसलं, तर तसं त्याच्या डोळ्यांकडे बघून सांगा. त्याला गुरुवारी बोलावू नका. आणि बोलावलंच, तर खिडकी उघडी ठेवा.