साळूबाईचे उपास

मित्रांनो, मी खलबत्ता. काळ्या दगडाचा खल आणि त्याच दगडाचा बत्ता, असे आम्ही दोघे मिळून एकच. मी स्वभावाने फार गोड नाही, हे आधीच सांगून ठेवतो. जन्मभर लसूण-मिरची कुटणाऱ्याकडून गोडव्याची अपेक्षा धरू नका. त्यातून माझा विश्वासघात झाला, आणि तोही मीच वाढवलेल्या मुलाकडून.

निजामाच्या राज्यातली ही गोष्ट. चितेगावच्या एका पाथरवटाने मला घडवलं. छिन्नीचे घाव बसत होते तेव्हा मी त्याला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या दिल्या. पण काम झाल्यावर त्याने मला पाण्याने धुतलं, माझ्या पोटातून हात फिरवला आणि तो स्वतःशीच हसला. माझा राग तिथेच गेला. पुढे बिडकीनच्या बाजारात एका आईने मला विकत घेतलं. तिची लेक साळूबाई पहिलटकरीण होती आणि माहेरी बाळंत झाली होती.

माझं पहिलं काम म्हणजे त्या बाळंतिणीसाठी डिंक, खारीक, खोबरं आणि सुंठ कुटणं. लाडू खाऊन साळूबाईच्या अंगात ताकद आली, बाळाला दूध पुरलं. सव्वा महिन्यानंतर ती सासरी गारखेड्याला निघाली, तेव्हा बैलगाडीत तिच्या एका बाजूला बाळ रामकिसन होता आणि दुसऱ्या बाजूला मी. गारखेडा तेव्हा शहराबाहेरचं लहानसं खेडं होतं.

साळूबाई शाळेत गेलेली नव्हती, पण वय बदललं की घास बदलायचा, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. रामकिसन बसायला लागला तेव्हा तिने भाजलेले तांदूळ आणि मूग माझ्यात भरडून त्याला पातळ पेज पाजली. तो अंगणभर धावू लागला तेव्हा तीळ-गूळ कुटून दिला. नवरा तरुणपणीच गेला, तरी तिने पोराच्या घासात कमी केली नाही. तो पायी शहरातल्या शाळेत जाई. त्याच्या फडक्यात भाकरीबरोबर शेंगदाणे-गुळाचा लाडू असायचाच. शाळेत सगळं उर्दूतून शिकावं लागे. रामकिसन उर्दू शिकला, शहरातल्या एका कचेरीत कारकून झाला आणि शेरवानी घालू लागला. मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! त्या शेरवानीतली छाती मी भरली होती.

त्याची बायको लक्ष्मीबाई गरोदर राहिली, तेव्हा साळूबाईने तिच्यासाठी जवस-तिळाची चटणी कुटली. ती बाळंत झाल्यावर पुन्हा डिंक-खारीक आली. साळूबाईने सगळ्यांचं केलं. मग एक एक करून तिचे सगळे दात पडले.

तिला त्याचं काही दुःख नव्हतं. जेवताना ती मला जवळ ओढी, शेंगदाणे आणि गूळ घालून लोण्यासारखे मऊ कुटी आणि त्यात ताकात भिजवलेली भाकरी कालवी. पहिल्यांदाच ती माझ्यात स्वतःसाठी काही कुटत होती, म्हणून मीही जीव लावून काम करत होतो.

एका जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, कचेरीला सुट्टी होती. रामकिसनचे वरिष्ठ कमरोद्दीनसाहेब चहाला आले. आत साळूबाईचं जेवण चाललं होतं.

"रामकिसन, कसला आवाज यायलाय?" साहेबांनी सहज विचारलं.

"काही नाय साहेब. बैलाचं औषध कुटायलेत," रामकिसन म्हणाला.

साहेब मान हलवून चहा पिऊ लागले. त्यांना त्या आवाजाचं काहीच नव्हतं. पण आत साळूबाईचा हात माझ्यावर थबकला. मला तर अंगावर वीज पडल्यासारखं झालं. ज्या आवाजावर हा पोरगा लहानाचा मोठा झाला, तो आता बैलाच्या औषधाचा झाला!

साहेब गेल्यावर तो आत आला. "आई, लोक येत्यात-जात्यात. ही ठकठक बरी दिसत नाय," असं म्हणून त्याने मला उचललं आणि अंगणाच्या दाराला टेकण म्हणून ठेवून दिलं.

त्यानंतर साळूबाई ताकात भिजलेले भाकरीचे तुकडे तसेच गिळू लागली. हिरड्या सोलून निघाल्या. घास तोंडातून सांडे, आणि नातवंडं हसत. दूध पाहुण्यांच्या चहाला आणि पोरांना लागे. कुणाकडे काही मागायचा तिचा स्वभाव नव्हता. एके दिवशी ताट समोर आलं तेव्हा ती म्हणाली, "लक्ष्मी, आज माझा उपास हाय. निरंकार."

मग सोमवार झाला, गुरुवार झाला, शनिवार झाला. लक्ष्मीबाईला ते खरंच वाटलं. ती विहिरीवर बायकांना कौतुकाने सांगू लागली. हळूहळू गावातल्या बाया साळूबाईच्या पाया पडायला यायला लागल्या. कचेरीतल्या लोकांच्या घरच्या बायाही टांग्यातून आल्या. रामकिसन त्यांना मोठ्या अभिमानाने सांगे, "आमची आई लई धार्मिक."

मी दारातच होतो. आत येणाऱ्या प्रत्येकीला ओरडून सांगावंसं वाटे, की बायांनो, ही देवभोळी नाही, ही भुकेली आहे. पण दगडाचं कोण ऐकतं?

ओळखलं ते शेजारच्या जैतुनबीने. दोघी एकदमच सासरी आलेल्या मैत्रिणी. ती येऊन साळूबाईजवळ बसली आणि तिचं मनगट हातात घेऊन बघत राहिली.

"साळू, तुझ्या देवांची लई गर्दी झाली की गं. आमचा रोजा बी सांजंला सुटतो. तुझा कवा सुटणार?"

"हळू बोल," साळूबाई म्हणाली. "लेकाला लाज वाटती."

जैतुनबीने दारातून मला उचलून आणलं, पदराच्या गाठीतली खारीक काढली आणि कुटायला बसली. कितीतरी दिवसांनी माझ्या पोटात काही पडलं होतं. साळूबाईने दोन घास खाल्ले. तेवढ्यात पाया पडायला बायका आल्या, आणि साळूबाईने वाटी पदराखाली सरकवली. त्या गेल्यावरही ती वाटी तिने बाहेर काढली नाही. लेकाची अब्रू तिला भुकेपेक्षा मोठी वाटली. मला मात्र तिचाही राग आला, अजून येतो.

रामकिसन घरी आल्यावर जैतुनबी त्याला स्पष्ट बोलली, "तुझी माय उपाशी मरायली, बाबा."

"खाला, तिचं व्रत हाय. तुम्ही मोडू नका," एवढं बोलून त्याने मला पुन्हा दाराशी नेऊन ठेवलं.

थंडीत एका सकाळी साळूबाई उठली नाही. सगळं गाव म्हणालं, पुण्यवान बाई, झोपेतच गेली.

दहाव्या दिवशी मला घासूनपुसून आत नेलं. पिंडाजवळ ठेवायला आईच्या आवडीचा लाडू हवा होता. रामकिसनने स्वतः शेंगदाणे आणि गूळ माझ्यात घातले आणि डोळे पुसत पुसत अगदी मऊ कुटले. ठकठक साऱ्या गल्लीला ऐकू गेली. त्या दिवशी त्याला लाज वाटली नाही.

नदीवरून माणसं परतली. कावळा क्षणात शिवला होता. "बघा, आईची कसलीच इच्छा मागं राहिली नव्हती," रामकिसन अंगणात सगळ्यांना सांगत होता.

जैतुनबी भिंतीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "दात कावळ्याला बी नसत्यात, रामकिसन."



मित्रांनो, मला तुम्ही दाराला लावा नाहीतर उकिरड्यावर टाका, माझं काही म्हणणं नाही. पण घरातलं म्हातारं माणूस "मला भूक नाही" म्हणालं, तर लगेच खरं मानू नका. आधी घास मऊ करून त्याच्यापुढे ठेवा, आणि मग पुन्हा विचारा.