कुठे निघालात, मास्तर?

जावा बेटावरच्या आमच्या सोलो शहरात, गल्लीत माणूस दाराबाहेर पडला की कुणीही विचारतं, "कुठे निघालात?" उत्तर कुणालाच नको असतं, "इथंच" म्हटलं तरी भागतं. पण मला प्रोस्टेटचा कॅन्सर. दर तीन महिन्यांनी इंजेक्शन, मध्ये सात आठवडे रेडिएशन. अंगातलं बळ पार गेलं, आणि पाळी जाणाऱ्या बायकांसारख्या गरम वाफा येतात. हे चव्हाट्यावर कोण सांगणार? डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की अंथरूण धरलंत तर थकवा वाढेल, रोज थोडं चाला. म्हणून मी सांगत सुटलो, "टेंपे आणायला."

म्हटलं म्हणजे आणणं आलं. चौथ्या घराशी टेंपेवाली तुकिना टोपली घेऊन बसायची. तेवढ्यानंही मला धाप लागायची. रोज केळीच्या पानातली सोयाबीनची एक वडी घ्यायची आणि घरी ती काळी पडेपर्यंत बघत बसायचं. खाणारा मी एकटा. बायको सुलास्त्री दोन वर्षांपूर्वी गेली, मुलगा दूर बाताम बेटावर, त्याचा फोन रविवारी. घर अक्षरशः खायला उठायचं.

रोजे सुरू होण्याआधी आम्ही आपल्या माणसांच्या कबरी झाडून फुलं वाहतो. मागच्या वर्षी मी दवाखान्यात होतो, सुलास्त्रीची कबर तशीच राहिली. यंदा जायचंच होतं, तेही पायी. माझ्या आईच्या कबरीला आम्ही दोघं पायीच जायचो. पण कबरस्तान पुलापलीकडे, आणि माझी मजल चौथ्या घरापर्यंत.

पंधरा दिवसांनी तुकिना सहाव्या घराशी सरकली. मग मशिदीपाशी. मग पुलाच्या अलीकडे. मी वैतागून विचारलं, एका जागी बूड टेकत नाही का? म्हणाली, तिथं ऊन लागतं, मास्तर. ऊन कसलं डोंबलाचं, वर आंबा होता.

रोज्यांआधीच्या शेवटच्या गुरुवारी ती पुलापाशीही नव्हती. तिला शिव्या घालत, कठडा धरून दोनदा थांबत मी पूल ओलांडला. ती कबरस्तानाच्या फाटकाशी बसली होती. टोपलीत टेंपे नव्हते, गुलाब आणि चाफा होता.

"मुद्दाम चालवलंस मला?"

"माझा म्हातारा याच दुखण्यानं गेला," ती म्हणाली. "तुमची चाल बघून ओळखलं मी. दमेल म्हणून मीच त्याला उठू दिलं नाही. मग तो उठलाच नाही."

मग तिनं विचारलं, "कुठे निघालात?"

"बायकोकडे," मी म्हणालो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा खरं बोललो.

तिनं पानात फुलं बांधली. मग आणखी एक पुडी बांधली.

"ही पण न्या. तिसऱ्या रांगेत, बोरीखाली तो आहे. या फाटकाच्या आत माझं पाऊल पडत नाही."

दोन पुड्या घेऊन मी आत गेलो. आधी बोरीखाली गेलो.