अजून सुकायचा आहे

गोंदाच्या कंपनीची प्रयोगशाळा पन्नाशीची झाली आणि वरच्या मजल्यावरच्या साहेबांचं इतिहासाचं प्रेम उतू जायला लागलं. तळमजल्यावर प्रदर्शनाचं दालन उभं राहिलं. टाइल्सचा गोंद, चपलांचा गोंद, चुटकीसरशी चिकटणारा गोंद, सगळे दिव्यांखाली विराजमान झाले.

प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी एकच हट्ट धरला. फसलेल्या प्रयोगांच्या कपाटातली एक बरणी तिथे हवीच. ती त्यांच्या नवऱ्याची होती. दोघं इथेच शेजारच्या टेबलांवर काम करायचे. त्याचा गोंद कणकेसारखा मऊ राहायचा, काही केल्या सुकत नसे. रोज सकाळी तो अंगठा दाबून बघायचा आणि सगळे त्याची टर उडवायचे.

"सुकेल गं. त्याला घाई नाहीये," तो म्हणायचा.

घाई त्याच्या हृदयाला होती. तो गेला, आणि मग कधीतरी गोंद सुकला, त्याच्या अंगठ्याचा शेवटचा ठसा तसाच धरून. जेवणाच्या सुट्टीत मॅडम झाकण उघडून त्या खळग्यात आपला अंगठा टेकवायच्या. खळगा जरा मोठा पडायचा. हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय?

बरणीवरचं लेबल तेवढं त्यांनी घरी नेलं होतं. त्याच्या अक्षरातलं दुसरं काही उरलंच नव्हतं. हा माणूस वाणसामानसुद्धा तोंडी सांगायचा. उद्घाटनाच्या सकाळी ते लेबल परत लावायला म्हणून त्या पर्समध्ये घेऊन आल्या.

"बघा मॅडम, कशी लख्ख झालीये," दालनाचं काम बघणारी सहकारी कौतुकाने म्हणाली.

बरणी रिकामी होती.

"आतलं कुठंय?"

"लेबल नव्हतं ना. तुमचाच नियम, बिनलेबलाची बरणी रिकामी करून धुवायची."

नियम त्यांचाच होता, आणि तो मोडणाऱ्याची त्यांनी कधी गय केली नव्हती.

"पण काय चिवट होतं हो," ती सांगत राहिली. "निघता निघेना. आपला एकही गोंद इतका घट्ट धरत नाही."

म्हणजे जमलं होतं त्याला. आणि ते कळलं तेव्हा दाखवायला कणभरही उरलं नव्हतं.

मॅडमनी पर्समधून लेबल काढलं. त्यावर लिहिलं होतं, 'अजून सुकायचा आहे.' कुणीतरी कंपनीचा चुटकीसरशी चिकटणारा गोंद पुढे केला. त्यांनी लेबल बरणीवर ठेवून अंगठ्याने दाबलं. ते लगेच बसलं, तरी त्या अंगठा काढेनात. पाहुणे आत यायला लागले होते, आणि मॅडम सगळ्यांदेखत रडत होत्या.