कडूबाच्या घरची तुळई

मी तुळई बोलतेय. गारखेड्यातल्या कडूबाच्या घराचं माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, इतकी वर्षं मीच पेललं. आज मी बैलगाडीत आडवी पडले आहे. मला शेतात नेऊन जाळायचं ठरलंय. त्याआधी द्वारकाबाईची गोष्ट सांगते, कारण घरात आता तिचं नाव घ्यायला कुणी धजत नाही.

मी मूळची बांधावरच्या कडुनिंबाची. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. धास्तीनं गाव सोडून गेलेली माणसं परतून पुन्हा घरं बांधत होती. कडूबाचं लग्न ठरलं आणि त्यानं मला घरावर चढवलं. त्याच्या आधीची भावंडं जगली नव्हती. मरणानं याला तरी तोंड लावू नये म्हणून आईनं त्याचं नाव कडूबा ठेवलेलं. तो हसून सगळ्यांना सांगायचा, "मी कडू, माझी तुळई बी कडू. आमाला कोण खातंय?"

द्वारकाबाई नवी नवरी म्हणून आली ती माझ्याच सावलीत. माझ्याखालीच ती दळायची, माझ्याच कडीला तिनं बन्सीचा पाळणा बांधला. कमी बोलायची, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

बन्सी मोठा होऊन चिकलठाण्याच्या कारखान्यात लागला, तोवर गावाभोवती प्लॉट पडू लागले होते. कडूबाचं माळवदाकडं लक्ष राहिलं नाही. छतावरची पन्हाळ फुटली, पावसाचं पाणी भिंतीत मुरू लागलं. माझं भिंतीतलं टोक ओलं राहू लागलं. त्याच भिंतीला बाहेरून तुराट्यांचा ढीग टेकवलेला. ओल आणि सरपण, वाळवीला आणखी काय हवं असतं?

एका सकाळी कणगीमागं झाडताना द्वारकाबाईला भिंतीवर मातीची बारीक रेघ दिसली. बोटानं खरवडली तर आतून पोकळ, आणि आत पांढुरके किडे पळताहेत.

"आवं, वाळवी हाय ही. तुळईकडं चाललीय."

कडूबानं केरसुणीनं रेघ पुसून टाकली. "गेली बघ. कडुनिंबाला वाळवी लागत नसती, येडे."

आठवडा गेला नाही तोच रेघ परत उगवली. त्यानं परत पुसली. ती रेघ म्हणजे नुसती पाऊलवाट होती. वाळवीचं गाव जमिनीखाली होतं. पुढं उंबऱ्यापाशी वाळवीच्या उडत्या किड्यांच्या गळलेल्या पंखांचा सडा दिसला. द्वारकाबाईनं तो पदरात गोळा करून नवऱ्याला दाखवला. मग लाटणं घेऊन ती पाटावर चढली आणि मला ठोकत गेली. मधोमध टणटण वाजले. भिंतीजवळ मात्र बद्द आवाज आला. तिचा चेहरा उतरला. मलाही तेव्हाच कळलं, की मला आतून खाऊन झालंय.

बन्सीनं आईचं ऐकलं. "आबा, भिंतीच्या कडंनं जमिनीत भोकं पाडून औषध सोडावं लागतंय. तुराट्या हलवू, पन्हाळ नीट करू. तुळई बी बदलावी लागंल."

"तुझं लगीन तोंडावर आलंय. लगीन होऊ दे, मंग बघू."

द्वारकाबाई थांबली नाही. तिनं बाभळीचा एक जाड टेकू आणून माझ्याखाली उभा केला. माझा अर्धा भार त्यानं घेतला. किती दिवसांनी मी निवांत झाले!

पण लग्नाचे पाहुणे यायचे म्हणून कडूबानं घर रंगवलं. मलाही चकचकीत तपकिरी ऑइलपेंट लावला. आणि टेकू काढून गोठ्यात टाकला. "सोयरे काय म्हणतील? पडकं घर हाय म्हणतील."

"नका काढू, पाया पडते तुमच्या," ती म्हणाली.

"लगीन झालं की लावू परत."

लग्न झालं. सून आली. टेकू गोठ्यातच राहिला.

भादव्यात झड लागली. माळवदाची माती पाणी पिऊन फुगली. दुपारची वेळ होती, बन्सी कामावर, सून माहेरी. द्वारकाबाई माझ्याखाली ज्वारी पाखडत होती. कडूबा अंगणात शेळी बांधत होता.

"आवं, वरून माती गळायलीय. बघा की जरा."

"आलो, आलो."

तो उंबऱ्यापर्यंत पोचला होता. मी धरून ठेवायचा लई प्रयत्न केला, पण धरायला माझ्यात काही उरलंच नव्हतं. बाहेर रंगाचा पापुद्रा, आत माती. मी भिंतीपाशी मोडले. सगळं माळवद माझ्यासोबत खाली आलं.

माणसं धावली. द्वारकाबाई जिवंत निघाली नाही.

तेराव्यानंतर कडूबा माझ्याजवळ आला. त्यानं माझ्या मोडक्या टोकावर अंगठा दाबला. अंगठा आत गेला. तो तसाच बसून राहिला, अंगठा न काढता.

बन्सीनं त्याच जागी स्लॅबचं घर उभं केलं, पाया भरतानाच औषध सोडून. कडूबानं मला अंगणात ठेवून घेतलं. रोज माझ्यापाशी येऊन बसायचा. परवा बन्सी चाचरत म्हणाला, "आबा, ह्या लाकडात अजून वाळवी हाय. पुन्हा घरात शिरंल."

या वेळी कडूबा 'मंग बघू' म्हणाला नाही. आज त्यानंच मला गाडीत घालून कासऱ्यानं आवळून बांधलं.

बैल जुंपणार, एवढ्यात शेजारची कस्तुराबाई आली. दारात घुटमळली.

"आबा, आमच्या चौकटीला मातीची रेघ आल्यावानी वाटतीया. घरचे म्हणत्यात, काय नाय, पुसून टाक."

कडूबाच्या हातातलं जू खाली आलं.

"पुसू नगंस. काय काय दिसलं तुला, समदं सांग. मी ऐकायलोय."

ती सांगू लागली. सांगून झाल्यावर तो काठी घेऊन तिच्यामागं निघाला.

तुमच्या घरातही एखादीनं असं काही पाहिलेलं असेल. तिला गप्प करू नका.

मी गाडीत पडून आहे. कडूबाला उशीर लागेल. लागू दे. माझं जळणं उद्यावर ढकललं तरी चालेल.