लाल शाईचा मान

"हे इंग्रजी तुमचं नाही," साहेबांनी अर्ज टेबलावर ठेवला. "खरं सांगा निसारमियाँ, कुणाकडून लिहून घेतलंत?"

निसार शेख उभा होता तसाच उभा राहिला. बावीस वर्षे तो नाशिकच्या या कचेरीत नकलनवीस होता. मसुदा समोर ठेवायचा आणि सुवाच्य अक्षरात जसाच्या तसा उतरवायचा, एवढेच त्याचे काम. छत्तीस साली पत्रव्यवहाराच्या कारकुनाची जागा रिकामी झाली, तेव्हा त्याची पन्नाशी जवळ आली होती. ही संधी हुकली तर पेन्शनीपर्यंत नकलाच करायच्या, हे त्याला पक्के ठाऊक होते. म्हणून त्याने अर्ज लिहिला. त्यात एकही चूक नव्हती आणि नव्या साहेबांना नेमके तेच खटकले.

"मीच लिहिलाय, साहेब."

"नकला करणारा माणूस असं लिहितो?"

शेजारच्या खुर्चीत हेडक्लार्क गोरक्षराव बसले होते. खरे काय ते त्यांना माहीत होते, आणि फक्त त्यांनाच. गोरक्षराव मनाने चांगले. पण इंग्रजी लिहायला बसले की डोके मराठीत चालायचे. 'द' कुठे घालायचा हे त्यांना जन्मात उमगले नाही, म्हणून ते तो मिठासारखा अंदाजाने टाकत. 'यस्टर्डे' म्हणून पुढे खुशाल 'हॅज कम' लिहीत, आणि 'रिटर्न'ला 'बॅक'ची शेपटी जोडल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. गोऱ्या साहेबांची हजारो पत्रे नकलता नकलता ती भाषा निसारच्या हातात बसली होती. त्याला चूक आधी टोचे, मग दिसे. पण कचेरीत लाल शाईचा मान फक्त हेडक्लार्कचा. म्हणून निसार त्यांच्या मसुद्यावर पेन्सिलीने हलकेच दुरुस्ती करी, गोरक्षराव तीच लाल शाईने गिरवत आणि उरलेली पेन्सिल रबराने पुसून टाकत. अकरा वर्षे हे बिनबोभाट चालले होते, आणि सारी कचेरी गोरक्षरावांच्या इंग्रजीचे गोडवे गात होती.

"गोरक्षराव, तुम्ही काय म्हणता?" साहेबांनी विचारले.

"हुशार आहेत ते," गोरक्षराव पुटपुटले आणि टेबलावरच्या रेघा मारायच्या रुळाकडे पाहत बसले.

निसारला मनापासून राग आला. सकाळी घरातून निघताना बायकोने, ताहेराने, विचारले होते, "तुमच्या बाजूनं बोलणारं आहे का कुणी?" तेव्हा तो हसून म्हणाला होता, "आमचे हेडक्लार्क रावसाहेब आहेत की."

"साहेब, एखादा मसुदा द्या. तुमच्यासमोर तपासतो," तो म्हणाला.

साहेबांनी हाताशी लागला तो कागद दिला. घोटीच्या रस्त्यावरची मोरी वाहून गेल्याबद्दलचे पत्र होते, खाली गोरक्षरावांची सही. निसार सकाळपासून बोलावण्याची वाट पाहत बाहेर बसलेला, त्यामुळे हा मसुदा त्याच्या हाताखालून गेलाच नव्हता. त्याने एकदा नजर फिरवली. सहा चुका. त्या दाखवल्या तर रावसाहेबांची अब्रू जाणार, न दाखवल्या तर आपली जागा. त्याने सवयीने कानामागची पेन्सिल काढली.

"पेन्सिल नको."

बोलले ते गोरक्षराव. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी आपली लाल दौत उचलली आणि निसारच्या पुढ्यात ठेवली.

"शाईनं करा, निसारमियाँ. अकरा वर्षं तुम्हीच करताय. साहेबांना दिसू दे."

साहेब एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत राहिले. निसारने बाही सारली, टाक बुडवला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा लाल अक्षर लिहिले. सहाही दुरुस्त्या झाल्या. मग नेहमीच्या रिवाजाने कागद त्याने आधी रावसाहेबांपुढे सरकवला.

गोरक्षरावांनी तो शेवटपर्यंत वाचला. वाचता वाचता त्यांचा हात सवयीने रबराकडे गेला. रबर कागदाला टेकले, तिथेच थांबले, आणि त्यांनी ते हळूच मुठीत मिटून घेतले.